ग्लास फुटला, की फोडला?

नववी-दहावीला 'प्रयोग' शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर दोन वाक्यं लिहितो. 'ग्लास फुटला.' आणि 'मी ग्लास फोडला.' पहिल्या वाक्यातला कर्ता कोण, असं विचारलं की मुलं गोंधळतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, "सर, ग्लासच." बरोबर. व्याकरणाच्या हिशेबाने ग्लासच कर्ता. तो आपला आपण पडला, आपला आपण फुटला, माणसाचा काही संबंध नाही. उर्दूच्या तासाला हीच गोष्ट फेल-ए-लाजिम आणि फेल-ए-मुतअद्दी म्हणून येते. गिलास टूट गया. मैंने गिलास तोडा. घरी अम्मीसमोर उभं राहायची वेळ आली की कुठल्याही माध्यमाचं मूल पहिलंच वाक्य बोलतं, हे मी वीस वर्षं बघतोय.

देशही तेच करतात.

२७ मे २०१६ रोजी बराक ओबामा हिरोशिमाला गेले. पदावर असताना तिथे जाणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. माफी मागणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. तिथे त्यांनी केलेलं भाषण सुंदर होतं, यात वाद नाही. पण त्याची सुरुवात बघा. एकाहत्तर वर्षांपूर्वी एका निरभ्र सकाळी मृत्यू आकाशातून पडला आणि जग बदललं, अशा अर्थाची. माझ्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं तर कर्ता शोधायला अर्धं मिनिटही लागणार नाही. मृत्यू. तोच पडला. पावसासारखा.

मृत्यू पडला नव्हता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला बी-२९ जातीच्या विमानातून अमेरिकेच्या वायुदलाने युरेनियमचा बॉम्ब टाकला. वैमानिक होते पॉल टिबेट्स. विमानाला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलं होतं, एनोला गे. (आईचं नाव द्यायला जगात दुसरं काही मिळू नये, याचं मला अजून नवल वाटतं.) नेम धरला होता शहराच्या मध्यावरच्या 'टी' आकाराच्या आयोई पुलावर. तो थोडा चुकला आणि बॉम्ब शिमा नावाच्या रुग्णालयाच्या डोक्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्या सकाळी हजारो शाळकरी मुलं, बारा-तेरा वर्षांची, आगीचे पट्टे मोकळे करण्यासाठी घरं पाडायच्या कामावर शहरात आणली होती. आमच्या सातवी-आठवीच्या वयाची. १९४५ साल संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० माणसं मेली. तीन दिवसांनी नागासाकीवर प्लुटोनियमचा दुसरा बॉम्ब टाकला, तिथे वर्षअखेरपर्यंत ७० हजारांहून जास्त.

आमच्या शाळेत दर ६ ऑगस्टला परिपाठात हिरोशिमा दिवसाची माहिती सांगतात, कागदी बगळे करतात, पोस्टर लावतात. दोन वर्षांपूर्वी माहिती सांगून झाल्यावर वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, मग अमेरिकेने माफी मागितली का?" मी म्हणालो, नाही. "मागायला पाहिजे का?" हा पुढचा प्रश्न तिचाच. तास व्याकरणाचा होता, पण तो तसाच सोडून दिला. एक मुलगा म्हणाला, पहिला हल्ला जपानने केला, पर्ल हार्बरला, त्याची माफी जपानने मागितली का? चांगला प्रश्न होता. डिसेंबर २०१६ मध्ये शिंझो आबे पर्ल हार्बरला गेले, त्यांनीही श्रद्धांजली वाहिली, माफी मागितली नाही. दुसरी एक मुलगी म्हणाली, माफी मागून मेलेली माणसं परत येतात का? आणि खिडकीजवळचा एक पोरगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "सर, जिंकलेला कधी माफी मागतो का?" या शेवटच्या वाक्याने वर्ग गप्प झाला. ते मला अजून सुटलेलं नाही, म्हणून हे लिहितोय.

अमेरिकेची बाजू आधी नीट मांडायला हवी, नाहीतर आपण फक्त राग काढला असं होईल. त्यांचं म्हणणं असं की बॉम्ब टाकला नसता तर जपानच्या भूमीवर उतरून लढावं लागलं असतं. १ नोव्हेंबर १९४५ ची तारीखही ठरली होती, क्यूशू बेटापासून सुरुवात. त्याआधी ओकिनावाच्या लढाईत अमेरिकेचे १२ हजारांवर सैनिक मेले होते आणि तिथले सामान्य लोक त्याहून कितीतरी जास्त. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये 'हार्पर्स' मासिकात लेख लिहिला, त्यात एकट्या अमेरिकेचे दहा लाखांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले असते असा आकडा दिला. तोच आकडा पुढे शाळेच्या पुस्तकांपासून घरातल्या गप्पांपर्यंत पसरला. २०१५ च्या प्यू संस्थेच्या पाहणीत ५६ टक्के अमेरिकनांनी बॉम्ब टाकणं योग्य होतं असं सांगितलं, जपानमध्ये १४ टक्क्यांनी. १९४५ साली अमेरिकेतला हाच आकडा ८५ टक्के होता. म्हणजे लोकांचं मत हलतंय, पण सावकाश.

याच्या उलट पुरावाही अमेरिकेचाच आहे. त्यांच्याच सरकारने नेमलेल्या बॉम्बहल्ला पाहणी मंडळाने १९४६ मध्ये निष्कर्ष काढला की अणुबॉम्ब टाकला नसता, रशिया युद्धात उतरला नसता, तरी जपान ३१ डिसेंबर १९४५ च्या आत नक्की आणि बहुधा १ नोव्हेंबरच्या आतच शरण आला असता. राष्ट्राध्यक्षांचे लष्करी सल्लागार अॅडमिरल लीही यांनी पुढे आठवणींत लिहिलं की या रानटी अस्त्राचा युद्धात काही खरा उपयोग झाला नाही. आयझेनहॉवर यांनीही आपल्याला तेव्हा शंका होती असं नंतर नोंदवून ठेवलं. बॉम्ब बनवणाऱ्यांपैकीच लिओ झिलार्ड आणि सुमारे ७० शास्त्रज्ञांनी जुलै १९४५ मध्ये अर्जावर सह्या केल्या होत्या, की जपानला अटी सांगून शरण यायची संधी दिल्याशिवाय हे वापरू नका. इतिहासकार आजही भांडतात. शरणागतीला बॉम्ब कारण झाला की ९ ऑगस्टला मांचुरियात घुसलेलं रशियाचं सैन्य, यावर पुस्तकांमागून पुस्तकं निघतात.

माझं मत असं की माफीचा प्रश्न या भांडणाच्या निकालावर टांगून ठेवणं हीच मोठी पळवाट आहे. 'आधी ठरू द्या की गरज होती की नव्हती, मग बघू.' हे कधी ठरणार? आणि गरज होती असं ठरलं तरी काय? आपल्या फिक्हमध्ये कत्ल-ए-खता नावाचं प्रकरण आहे. माणूस मारायचा हेतू नव्हता, पण हातून मेला. त्याला खुनी म्हणत नाहीत, किसास लागत नाही. पण तो मोकळाही सुटत नाही. मेलेल्याच्या वारसांना दियत द्यावी लागते आणि अल्लाहसमोर कफ्फारा वेगळा. म्हणजे ज्याच्यावर गुन्हा नाही त्याच्यावरही देणं आहे. मग ज्याने पूल बघून, नेम धरून, दिवस निवडून बॉम्ब टाकला, त्याच्यावर काहीच देणं नाही? मजबुरी होती, हे मी घटकाभर मान्यही करतो. मजबुरीने शिक्षा हलकी होते, हक्क मरत नाही.

इथे अब्बांची गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे हजला निघालेला माणूस आधी घरोघर फिरतो. उधारी फेडतो, आणि 'कहा-सुना माफ करना' म्हणतो. कारण अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करेल, बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो. हुकूक-उल-इबाद. तर अब्बा गावभर फिरले आणि शेवटी शेजारच्या रानाच्या तात्यांकडे गेले. दोघांत बांधावरून चौदा वर्षं बोलणं नव्हतं. मी सोबत होतो, तेव्हा बीएड करत होतो. अब्बा ओसरीवर बसले आणि म्हणाले, "तात्या, हजला निघालोय. कहा-सुना माफ करा." तात्या तंबाखू मळत होते. वर न बघता म्हणाले, "भाई, ते कहा-सुना राहू द्या. बांधाचं बोला."

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांध मी कोरला. दोन वर्षं. नांगर मुद्दाम आत घालायला लावला."

"हां," तात्या म्हणाले. "आता चहा घ्या."

चहा झाला आणि अब्बांनी निघायच्या आधी, त्याच आठवड्यात, बांध पुन्हा जुन्या जागी घातला. त्यात चार हात जमीन गेली. पुढे तात्या गेले तेव्हा मयतीला खांदा द्यायला अब्बा होते. तौबाच्या अटी मदरशात पाठ केल्या होत्या. ते काम सोडणं, मनापासून पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा इरादा, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करणं. पण 'कहा-सुना माफ' आणि 'बांध मी कोरला' यांतलं अंतर मला तात्यांच्या ओसरीवर समजलं. पहिलं कुणालाही म्हणता येतं. दुसऱ्यात कर्ता आहे, कर्म आहे, आणि 'मुद्दाम' हे क्रियाविशेषणही.

आता कोणी म्हणेल, दोन शेतकऱ्यांचं ठीक आहे, देशाचं तसं नसतं. देश माफी मागत नाहीत. मागतात. अमेरिकेनेच मागितली आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं, त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. १० ऑगस्ट १९८८ रोजी रेगन यांनी कायद्यावर सही केली. देशाच्या वतीने माफी आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. १९९३ मध्ये हवाईचं राज्य उलथवल्याबद्दल संसदेने माफीचा ठराव केला.

आणि अणूचीही माफी मागितली आहे! हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं, आणि वाचल्यावर मी खुर्चीतून उठलो. १९९० चा एक कायदा आहे. नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकेने अणुचाचण्या केल्या, त्यांची धूळ वाऱ्याने ज्या गावांवर गेली तिथल्या लोकांना कर्करोग झाले, युरेनियमच्या खाणीतले मजूर मेले. त्या कायद्यात संसद देशाच्या वतीने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची माफी मागते, असं स्पष्ट लिहिलं आहे. १९९० च्या मूळ कायद्यात वाऱ्याखालच्या गावकऱ्यांना ५०,००० डॉलर ठरले होते, खाणकामगारांना १,००,०००. म्हणजे अणूने मारलेल्याची माफी कशी मागायची, तिचा मसुदा कसा करायचा, पैसे किती द्यायचे, हे सगळं त्या देशाला येतं. फक्त मरणारा आपला असावा लागतो.

मरणारा आपला नसेल तर काय होतं, तेही बघा. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमाच्या हजारपट ताकदीची. दूर मासेमारी करणाऱ्या एका जपानी होडीवर पांढरी राख पडली. तेवीस खलाशी आजारी पडले. रेडिओवर संदेश पाठवण्याचं काम करणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. पुढच्या वर्षी अमेरिकेने जपानला २० लाख डॉलर दिले, पण त्यात काळजीपूर्वक लिहिलं की ही रक्कम कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न बाजूला ठेवून, सद्भावनेने देत आहोत. आपल्याकडे अपघातानंतर 'सानुग्रह अनुदान' जाहीर करतात ना, तसं. दियत आणि सानुग्रह यांत रक्कम सारखी असू शकते. पण दियत देणारा आधी कबूल करतो. सानुग्रहवाला उपकार करतो.

जपानचं पारडं मी सोडून देणार नाही. नानजिंग, कोरियातून जबरदस्तीने आणलेल्या बायका आणि मजूर, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मेलेले हजारो तमिळ मजूर, अंदमानात आपल्याच लोकांचे झालेले हाल. सिंगापूर-मनिलातल्या कित्येक घरांत १९४५ चा ऑगस्ट सुटकेचा महिना म्हणून आठवतात, आणि त्यांना चूक म्हणायचा अधिकार मला नाही. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी आशियाई देशांची स्पष्ट माफी मागितली. त्यानंतरच्या नेत्यांनी ती वारंवार पातळ केली. नागासाकीचे महापौर हितोशी मोतोशिमा यांनी डिसेंबर १९८८ मध्ये सम्राटांवरही युद्धाची जबाबदारी आहे, एवढंच म्हटलं, तर तेरा महिन्यांनी एका कडव्याने त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा वाटणारा माणूस तो. स्वतःच्या जळलेल्या शहराचा महापौर असून तो आधी स्वतःच्या देशाकडे बोट दाखवत होता.

पण जपानचे गुन्हे अमेरिकेच्या खात्यात जमा करता येत नाहीत. नानजिंग ज्यांनी केलं ते सैनिक होते, शिमा रुग्णालयातले रोगी नव्हते. आणि हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियनही होते, ज्यांना जपानने मजुरीला आणलं होतं. ते दोन्हीकडून मेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये झालं, तेही शांतता उद्यानाच्या बाहेर. आत यायला १९९९ उजाडलं.

त्या उद्यानातल्या मुख्य स्मारकावर एक वाक्य कोरलं आहे. अर्थ साधारण असा: शांतपणे विसावा घ्या, चूक पुन्हा करणार नाही. लिहिणारे तादायोशी साइका, हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. जपानीत कर्ता गाळता येतो, आणि इथे तो गाळला आहे. मराठीत 'करणार नाही' म्हटलं तर मी, आम्ही, तो, कोणीही बसतो, तसंच. नोव्हेंबर १९५२ मध्ये न्यायमूर्ती राधाबिनोद पाल तिथे गेले. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात सर्व आरोपी निर्दोष आहेत असं वेगळं निकालपत्र देणारे ते भारतीय न्यायाधीश. त्यांनी ते वाक्य समजून घेतलं आणि भडकले. चूक पुन्हा न करणारे हे कोण? बॉम्ब तर जपान्यांनी टाकला नव्हता. साइकांचं उत्तर असं की हे 'आम्ही' म्हणजे सगळी माणसं, माणुसकीच. मला दोघांचंही पटत नाही. पालबाबूंनी जपानी सेनापतींना जे माप लावलं ते फार सैल होतं, म्हणून तर तिथले युद्धखोर आजही त्यांचा फोटो मिरवतात. आणि साइकांचं 'सगळी माणसं'? सगळ्यांनी केलं म्हणजे कुणीच केलं नाही. मी वर्गात विचारतो, खडू कोणी फेकला? आणि सगळा वर्ग उभा राहतो.

वाचलेल्यांना काय हवंय? त्यांना हिबाकुशा म्हणतात. २०१६ मध्ये ओबामा येण्याआधी क्योदो या वृत्तसंस्थेने शंभरावर हिबाकुशांना विचारलं, तर तीन चतुर्थांशांहून जास्त लोक म्हणाले, माफी मागत नाही. जगाने हे लगेच उचलून धरलं. बघा, त्यांनाच नको! पण का नको, ते कमी लोकांनी ऐकलं. कित्येकांना भीती होती की माफीचा हट्ट धरला तर हा माणूस येणारच नाही. त्यांना तो तिथे यायला हवा होता, बघायला हवा होता, आणि अण्वस्त्रं संपायला हवी होती. त्यांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्या प्रतिनिधीने व्यासपीठावरून स्वतःच्या सरकारला सुनावलं, की मेलेल्यांची भरपाई तुम्ही आजवर दिली नाही. १९६३ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने हे बॉम्ब आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध होते असा निकाल दिला होता. पण भरपाई मागायचा हक्क तुम्हाला नाही, असंही त्याच निकालात सांगितलं.

आणि जपान सरकार? अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्रीखाली बसलेलं. २००९ ची एक राजनैतिक तार पुढे फुटली. तिच्यात जपानच्याच परराष्ट्र खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी राजदूताला सांगितलं होतं की ओबामांनी हिरोशिमाला येऊन माफी मागण्याचा विचारही नको. म्हणजे मारणाऱ्याला मागायची नाही, मेलेल्याच्या वारसदाराला घ्यायची नाही. मधल्या मध्ये जळालेल्याने काय करायचं?

या गोष्टीत आपली, म्हणजे मुसलमानांचीही, कबर आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. युद्धात जपानने मलाया, ब्रुनेई, जावा वगैरे ठिकाणांहून काही हुशार तरुण शिकायला नेले होते. त्यांतले काही हिरोशिमात होते. केलान्तानचा निक युसुफ त्या बॉम्बने मेला, त्याची कबर हिरोशिमाजवळ एका बौद्ध मंदिराच्या आवारात आहे. जोहोरचा सय्यद ओमर वाचला असं वाटलं, टोकियोला निघाला, वाटेत क्योतोत सप्टेंबर १९४५ मध्ये गेला. त्याचीही कबर एका बौद्ध मंदिरात, पण इस्लामी पद्धतीने बांधलेली. (क्योतोचं नाव बॉम्बच्या यादीत होतं. स्टिमसननी ते खोडलं, कारण ते शहर त्यांनी पाहिलं होतं. पाहिलेलं शहर जाळणं जड जातं.) त्याच तुकडीतले अब्दुल रझाक वर्गात होते, इमारतीखाली गाडले गेले, निघाले, मायदेशी परतले आणि पुढे मलेशियात जपानी भाषेचे शिक्षक झाले. मी भाषेचा शिक्षक आहे म्हणून असेल, पण या माणसापाशी मी बराच थांबतो. ज्या भाषेच्या देशात जळाला तीच भाषा आयुष्यभर पोरांना शिकवत राहिला.

आणि आपण काय बघत होतो? मे १९९८ मध्ये पोखरणनंतर इकडे पेढे वाटले, सतरा दिवसांनी चगाईनंतर तिकडे मिठाई. कुणी त्याला 'इस्लामी बम' म्हटलं, जणू युरेनियमने कलमा वाचला होता. लढाईत बायका, मुलं, म्हातारे मारू नका, फळझाडं तोडू नका, अशी हजरत अबू बक्र यांची ताकीद आपण जुम्म्याच्या बयानात अभिमानाने सांगतो. फळझाड तोडायची परवानगी नसलेल्या माणसाने ज्या वस्तूत अख्खं रान, विहीर आणि पाळणा एकत्र जळतो, तिच्यावर अभिमान कसा करायचा, हे मला कुठल्याही मौलवीसाहेबांनी अजून समजावलेलं नाही. म्हणून हिरोशिमाची माफी मला परक्याचं भांडण वाटत नाही. ती मागितली गेली, तर पुढच्या बटणावर बोट ठेवणाऱ्याला 'आधीच्याचं काही बिघडलं नाही' असं म्हणता येणार नाही. न मागता राहिली, तर ती परवानगी म्हणून पडून राहते, इस्लामाबादसाठीही आणि दिल्लीसाठीही.

जिंकलेला माफी मागतो का, या त्या मुलाच्या प्रश्नाला मी वर्गात फादर जॉर्ज झबेल्का यांचं नाव सांगितलं. तिनियान बेटावर बॉम्ब टाकणाऱ्या तुकड्यांचे ते कॅथलिक पाद्री होते. त्या पोरांना त्यांनी आशीर्वाद दिले होते. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी सांगितलं की मी गप्प बसलो आणि ते पाप होतं. मग ते जपानला गेले आणि माफी मागून आले. पण तो एक माणूस. टिबेट्स शेवटपर्यंत म्हणत राहिले की आपल्याला शांत झोप लागते. ट्रुमन यांनीही जाहीरपणे कधी पश्चात्ताप दाखवला नाही, मात्र १० ऑगस्टला त्यांनी आपल्या परवानगीशिवाय तिसरा बॉम्ब टाकू नका असा हुकूम काढला. आणखी एक लाख माणसं मारायची कल्पना भयंकर वाटते, ती सगळी लहान मुलं, असं ते मंत्रिमंडळात बोलल्याची नोंद त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांच्या डायरीत आहे. म्हणजे माणसाला कळलं होतं. देशाच्या तोंडून निघालं नाही.

सगळं एकदम जमत नसेल तर मी म्हणतो, अमेरिकेने नागासाकीपासून सुरुवात करावी. हिरोशिमासाठी त्यांच्याकडे निदान युक्तिवाद आहेत. नागासाकीसाठी तेवढेही नाहीत. तिथे वेगळा निर्णयच झाला नव्हता. २५ जुलैच्या हुकमातच लिहिलं होतं की पहिल्यानंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकत जा. दुसरा ११ ऑगस्टला टाकायचा होता, हवामान बिघडणार म्हणून दोन दिवस अलीकडे आणला. जपानच्या सरकारला हिरोशिमात नेमकं काय झालं हे समजून घ्यायलाही पुरेसा वेळ मिळाला नव्हता. ठरलेलं शहर होतं कोकुरा. तिथे ढग आणि धूर होता, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब उराकामीच्या दरीवर फुटला, आशियातल्या मोठ्या चर्चांपैकी एकापासून अर्ध्या किलोमीटरवर. तिथल्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० च्या आसपास मेले. त्या वेळी चर्चमध्ये काही भाविक पाद्र्यांसमोर आपल्या पापांची कबुली द्यायला आले होते. त्यांतलं कोणी वाचलं नाही.

दर ९ ऑगस्टला नागासाकीत सभा होते, राजदूतांना बोलावतात. २०२४ मध्ये महापौरांनी इस्रायलच्या राजदूताला बोलावलं नाही, म्हणून अमेरिकेचे राजदूत गेले नाहीत. त्यांनी त्या दिवशी टोकियोतल्या एका मंदिरात प्रार्थनेला हजेरी लावली. नागासाकीतल्या कबुलीघरांच्या जागेपासून ते मंदिर हजार किलोमीटरच्या आसपास दूर आहे.